उबेचा रेग्युलेटर

एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात निघालेल्या शंकूने विमानतळाच्या दाराशीच जाहीर करून टाकले, "पुराव्याशिवाय मी तिकडे एकही गोष्ट मान्य करणार नाही!"

"इकडे तरी कुठे करतेस?" आई म्हणाली.

शंकू हे तिचे पाळण्यातले नाव नव्हे. ते शंकेवरून पडले होते. लहानपणी काकाने बागुलबुवाची भीती घातली, तेव्हा तो कुठून येतो, कशाने येतो आणि मागच्या खेपेस त्याला कुणी पाहिले, असे प्रश्न विचारून तिने काकालाच झोपवले होते. पुढे ती पदार्थविज्ञान शिकू लागली. आधीच मर्कट, त्यात पदार्थविज्ञान प्यायलेले!

सगळ्या कॉलेजातून या विद्यार्थी-अदलाबदलीच्या योजनेत एकच जागा होती आणि ती शंकूने भांडून, अभ्यास करून आणि पुन्हा भांडून मिळवली होती. त्यामुळे वसतिगृहाच्या केअरटेकरने पहिल्या दिवशी दिलेली ताकीद तिने कान देऊन ऐकली.

"इमारतीच्या यंत्रांना हात लावायचा नाही. लावलास तर खोली जाईल. आणि खोली गेली की सत्रही गेलं."

"आणि थंडी वाजली तर?"

"त्यासाठी हा आहे ना!" त्याने पलंगाच्या उशाशी भिंतीवर बसवलेला गोल रेग्युलेटर अभिमानाने दाखवला. दिसायला थेट पंख्याच्या रेग्युलेटरसारखा, शून्य ते सहा आकड्यांचा. "गार वाटलं की वर न्यायचा आणि जरा धीर धरायचा."

शंकूने धीर धरला. धीराबरोबर, प्रयोगशाळेतून रीतसर मागून आणलेला थर्मामीटरही धरला. रेग्युलेटर शून्यावर असताना खोलीत सतरा अंश. तीनवर असताना सतरा अंश. सहावर असताना सतरा अंश, आणि नाकाचा शेंडा बधिर!

शेजारच्या खोलीतली मुलगी कायदा शिकत होती. मजला तिला वकीलबाई म्हणे.

"हे रेग्युलेटर बंद आहेत," शंकूने तिला सांगितले.

"माझा तर झकास चालतो. चारवर ठेवते मी."

"तुझ्या खोलीतही सतराच अंश आहेत. आत्ताच मोजले."

"मग तुझा थर्मामीटर बिघडलाय."

"तो बर्फात बरोबर शून्य दाखवतो आणि उकळत्या पाण्यात बरोबर शंभर!"

"मग त्याला तिकडेच ठेव ना, बाई! खोलीत कशाला आणतेस?"

शंकू तडक केअरटेकरकडे गेली. रेग्युलेटरच्या मागे तारच नसावी, असा तिचा तर्क होता. केअरटेकरने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "मागे तार नसेल, तर पुढे आकडे कशाला असतील?"

या युक्तिवादापुढे पदार्थविज्ञान हतबल होते. पण शंकू नव्हती!

मजल्याच्या व्हरांड्यात, सूचनाफलकाच्या शेजारी, एक पांढरी डबी होती. तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नसे. शंकूचे गेले. तिचे अनुमान असे, की सगळ्या मजल्याची ऊब ही एकटी डबी ठरवते. डबीला गार वाटले की हीटर पेटतात, खोलीतल्या माणसांना काय वाटते याच्याशी तिला कर्तव्य नाही. अनुमान पडताळायला फक्त डबीला थंडी वाजवायची होती. यंत्राला हात लावायचा नव्हता, आणि शंकूने तो लावलाही नाही. तिने मटार लावले! सामाईक फ्रीजमधली गोठलेल्या मटारची पिशवी तिने पायजम्याच्या नाडीने डबीला बांधली आणि वर सूचनाफलकावरचे एक पत्रक ओढून घेतले.

डबी हुडहुडली. हीटर पेटले. सतराचे वीस झाले, विसाचे तेवीस. अनुमान सिद्ध!

तेवढ्यात वकीलबाई हसतमुखाने दारात आली. "पाहिलंस? आज मी साडेचारवर केला. कशी मस्त ऊब आली!"

समोरच्या खोलीतला म्हणाला की ही त्याच्या पाचाची कमाई आहे. पलीकडचीने श्रेय आपल्या सहाला दिले.

शहाण्या माणसाने इथे मटार उतरवले असते, ऊब अंगावर घेतली असती आणि तोंडाला कुलूप घातले असते. पण श्रेय रेग्युलेटरला जात असेल, तर शंकूला ती ऊब विषासमान होती. सगळ्यांना इतके उकडू दे की ते रेग्युलेटर खाली आणतील, आणि शून्यावरही ऊब हटत नाही हे पाहून त्यांचे डोळे उघडतील, असा बेत तिने केला. मटार मऊ पडू लागले होते. तिने त्यांच्या जोडीला गोठलेला मका बांधला.

पारा बत्तिसावर गेला. समोरच्याच्या वाढदिवसाच्या केकवरचे नाव ओघळून टेबलावर उतरले. मजला एखाद्या प्रेशर कुकरसारखा फुसफुसू लागला.

"अगं, शून्यावर केलाय मी!"

"मग आणखी खाली कर!"

"शून्याच्या खाली काही नाहीये!"

"गणितात असतं की!"

डोळे मात्र कुणाचेच उघडले नाहीत. आपला रेग्युलेटर अडकला आहे, असा निष्कर्ष प्रत्येकाने स्वतंत्रपणे काढला. केअरटेकर तेलाची बुधली घेऊन दारोदार फिरू लागला. आणि त्याच वेळी मटार आणि मका, दोघांनाही पाझर फुटला. पाणी डबीत शिरले. फट्! हीटर बंद, दिवे बंद.

वसतिगृहाच्या प्रमुखबाई घाम पुसत वर आल्या. डबीवरचे पत्रक त्यांनी बाजूला केले.

"हे कुणाचं आहे?"

"मटार माझे," वकीलबाई म्हणाली. "मका माझा नाही. आणि नाडी तर नाहीच नाही!"

"नाडी माझी," शंकू पुढे झाली. "प्रयोगही माझा."

"सामान बांध."

पण वाकणे शंकूच्या हाडांत नव्हते. "बांधते! आधी माझ्या खोलीतला रेग्युलेटर काढा. मागे तार निघाली, तर मी आजच्या आज माझ्या पायांनी जाईन. नाही निघाली, तर मी राहणार!"

"काढतोच!" केअरटेकरने पेचकस उपसला. "होऊन जाऊ दे दूध का दूध!"

स्क्रू निघाले. रेग्युलेटर हातात आला. मागे भिंत होती. भिंतीवर जुन्या रंगाचे एक वर्तुळ होते, आणि त्याच्या मध्यभागी वाळून गेलेला एक कोळी.

केअरटेकरने दबक्या आवाजात विचारले, "म्हणजे बाई... माझ्या क्वार्टरमधलापण?"

प्रमुखबाईंनी चष्मा पुसला. "पूर्वी रोज तक्रारी यायच्या. हे बसवले आणि तक्रारी थांबल्या. यात कुणाचं काय बिघडलं?"

"सत्य बिघडलं!" शंकू गरजली.

केअरटेकरने पैज स्वीकारली होती, माणसे साक्षीला होती. शंकू राहिली. शंकू जिंकली!

दुसऱ्या दिवशी डबी दुरुस्त झाली, पारा पुन्हा सतरावर आला, आणि सगळा मजला कुडकुडू लागला. दुपारपर्यंत शंकूच्या दाराशी पांघरुणांचा मोर्चा उभा होता.

"तुझ्यामुळे गारठलो आम्ही!"

"अरे, पण सतराच अंश आहेत! परवाही सतरा होते!"

"परवाचे सतरा उबदार होते," वकीलबाई दात वाजवीत म्हणाली.

"मला इथे कधी सर्दी झाली नव्हती," मफलरमधून केअरटेकरचा आवाज आला.

"त्यांची माफी माग हो," आईने फोनवर सुचवले.

"तापमान मोजल्याबद्दल? मुळीच नाही!" शंकूने बजावले, आणि ती खरोखरच कुणापुढे नमली नाही. आठवडाभर तिच्याशी कुणी बोलले नाही. तिने तो वेळ अभ्यासाला दिला.

मग प्रमुखबाईंनी प्रत्येक खोलीत नवे रेग्युलेटर बसवले. अंश दाखवणारे हिरवे, लुकलुकणारे आकडे, बोट लावताच टिक् असा आवाज. "या वेळी अस्सल," असे त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत मजल्यावरची पांघरुणे नाहीशी झाली. केअरटेकरचा मफलर उतरला. वकीलबाई अर्ध्या बाह्यांत गाणे गुणगुणत फिरू लागली.

शंकूने आपला रेग्युलेटर उघडला. आत एक सेल आणि एक इवलासा दिवा. मागे भिंत. खोलीत सतरा अंश.

ओरडून सांगायला तिने दार उघडले, व्हरांड्यातली हसरी तोंडे पाहिली आणि दार लावून घेतले. भीतीने नव्हे, याची नोंद घ्यावी. पुराव्यात काही त्रुटी राहू नये, एवढ्याचसाठी तिने आकडा एकोणीसवरून चोवीसवर नेला आणि ती वाचत बसली.

काही वेळाने वकीलबाई डोकावली. "अगं, शाल काढलीस?"

"अडचण होत होती लिहिताना," शंकू ठणकावून म्हणाली. "ऊबबीब काही नाही!"

वकीलबाई हसून निघून गेली. शंकूने उठून दार नीट लावले, आणि रेग्युलेटर दोन आकडे खाली आणला. चोवीस जरा जास्तच होत होते.