हुंकाराची जबाबदारी कंपनीची

इंटरनेटवरून फोन लावून देणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात एक गंभीर बाब निदर्शनास आली. फोन मध्येच तुटतो म्हणून ओरडणाऱ्या ग्राहकांपैकी बहुतेकांचा फोन मुळात तुटलेलाच नसायचा. झालेलं एवढंच असायचं, की पलीकडच्या माणसाने बराच वेळ 'हं' म्हटलेलं नसायचं. जुन्या तारेच्या फोनमध्ये कोणी बोलो न बोलो, एक बारीक खरखर चालू असे आणि त्या खरखरीलाच लोक माणूस समजत. इंटरनेटच्या फोनमध्ये गप्प म्हणजे साफ गप्प. बोलणारा घाबरून 'हॅलो, ऐकतोयस ना' करत फोन ठेवी आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडी.

तक्रारप्रमुख हुशार माणूस होता. म्हणजे आपल्या टेबलावरचं काम कमी कसं होईल, याचा तो मनापासून विचार करी. त्याने मोठ्या साहेबांना सुचवलं, की बोलायचं काम ग्राहकाने करावं, परंतु 'हं' म्हणण्याची जबाबदारी कंपनीने उचलावी. ग्राहकाच्या आवाजाचा नमुना घ्यायचा, आणि तो गप्प बसला की यंत्राने त्याच्या वतीने हुंकार द्यायचा.

"पलीकडच्याला कळणार नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मी गेली कित्येक वर्षं तुमच्यासमोर हं म्हणतोय. तुम्हाला काही कळलं?"

साहेब यावर 'हं' म्हणाले आणि 'हुंकार सुविधा' मंजूर झाली.

सुविधेचा पहिला ग्राहक स्वतः तक्रारप्रमुखच होता. त्याची आई दुसऱ्या गावी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची. गळका नळ, शेजारणीची मांजर, मग गुडघे, असा तिचा ठरलेला क्रम असे. आता तो फोन उचलून फ्रिजवर ठेवू लागला. आई बोले, फ्रिजवरून हुंकार जाई, आणि हा सोफ्यावर पाय पसरून मॅच बघे.

"अहो, आई काय म्हणतायत ते तरी ऐका एकदा," बायको म्हणाली.

त्यावर त्याने, आपण ऐकत नसतो तर 'हं' कसं म्हणालो असतो, असा बिनतोड मुद्दा मांडला.

सुविधा वाऱ्यासारखी पसरली. मग नुसत्या 'हं'वर लोकांचं भागेना, म्हणून कंपनीने थोडे जादा पैसे घेऊन 'सहृदय हुंकार' काढला. त्यात 'अरेरे', 'काय सांगतेस' आणि मुख्य म्हणजे 'मग?' एवढं होतं. परिणाम भयंकर झाला. पाच मिनिटांत आटोपणारी माणसं तास तास बोलू लागली, कारण त्यांना आजवर 'मग?' असं कोणी विचारलंच नव्हतं.

यशाचा आढावा घ्यायला कंपनीने फोनवरच एक बैठक ठेवली. सगळे हजर झाले आणि सगळ्यांनी हुंकार सुविधा चालू केली. साहेब थोडा वेळ बोलले आणि चहाला उठले, तेव्हा त्यांचीही सुविधा चालू झाली. बैठक तीन दिवस चालली. एवढी खेळीमेळीची बैठक कंपनीच्या इतिहासात झाली नव्हती. तीत एक ठरावही एकमताने संमत झाला, तो कोणी मांडला याचा तपास अजून चालू आहे. ठराव असा होता, की कोणी प्रश्न विचारल्यास यंत्राने 'हो, चालेल' म्हणावं. 'नाही' म्हटलं की भांडण होतं आणि भांडणारा माणूस फोन आपटतो.

ठराव अमलात आला आणि महिन्याभरात तक्रारप्रमुखाची दारावरची घंटा वाजली. दारात आई होती. तिच्यामागे एक ट्रंक होती, लोखंडी पलंग होता आणि टोपलीत शेजारणीची मांजर होती.

"अगं, न कळवता?"

"न कळवता कसं? मी विचारलं, कायमची येऊ का, तू म्हणालास, हो, चालेल. पलंग आणू का म्हटलं, तर चालेल. मांजरीचं मी आपलं गमतीने विचारलं होतं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे पाहिलं, आणि मांजरीला दूध घातलं.

आई रोज संध्याकाळी सोफ्यावर त्याच्या शेजारी बसू लागली. ती बोले आणि तो हातातल्या फोनवर बोट फिरवत स्वतःच्या तोंडाने हुंकार देई. एकदा ती म्हणाली, की डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय आणि तिला फार भीती वाटते.

"हं," तो म्हणाला.

आईने जरा वाट पाहिली. त्याने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती ट्रंक भरायला लागली. तेव्हा मात्र त्याने सगळं कबूल केलं.

"आई, फोनवर मी नव्हतो गं. ते यंत्र होतं."

"माहीत आहे रे मला. तू जन्मात कधी 'मग?' म्हटलंयस का?" आई शांतपणे म्हणाली. "पण बरा होता तो. इथे तू आहेस, पण तो नाही. ऑपरेशनला शेजारीण येईल माझ्याबरोबर."

ती पलंगासकट गेली. मांजर पलंगाखाली दडून बसली होती, तीही गेली.

त्याला घर खायला उठलं. एका संध्याकाळी त्याने आपली सुविधा बंद केली आणि स्वतःहून आईला फोन लावला. आईने लगेच उचलला. आपण किती चुकलो, ऑपरेशनला रजा काढून कसे येणार आहोत, हे तो सांगत राहिला. मधून मधून आई 'अरेरे' म्हणाली, 'मग?' म्हणाली. इतकं मन लावून आईने आपलं कधी ऐकलं नव्हतं, असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. शेवटी त्याने विचारलं, की झालं गेलं विसरशील ना?

"हो, चालेल," आई म्हणाली.

आईचा फोन तेव्हा तिच्या फ्रिजवर होता, आणि ती शेजारणीकडे बसली होती.

असो. तुम्ही इथपर्यंत वाचलंत. वाचता वाचता घरातलं कोणीतरी तुम्हाला काही विचारून गेलं आणि तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणालात. काय कबूल केलंत ते जाऊन विचारा, कदाचित टोपली अजून दारातच असेल.