उशाला समुद्र

या, असे जवळ सरका. टाळ ठेवा बाजूला. महाराजांची गाडी अजून घाटातच आहे आणि चहाचं पातेलं आत्ताशी चुलीवर चढलंय. तेवढ्या वेळात बसेल अशी एक गोष्ट सांगतो. आमच्या डोळखांबच्या अंगाला घडलेली आहे, आणि जिच्या डोक्यावरून पाणी गेलं त्या देवकीवहिनीच्या तोंडून ऐकलेली आहे. डोक्यावरून पाणी गेलं हे मी उगाच म्हणत नाही, खरोखरच गेलं.

सत्त्याण्णव साल. मारुतीच्या देवळातल्या मृदंगाची पुडी ऐन काकडआरतीत फाटली. उजवीकडचं शाईचं कातडं असं फाटलं, की मारुतीरायासुद्धा दचकला असेल. नवी पुडी बसवायची तर पैसे हवेत. पंच म्हणाले, बघू. पंच 'बघू' म्हणाले की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा देवकीने टोपली उचलली. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दर एकादशीला ती दारोदार फिरली. एका घराने एक मूठ तांदूळ द्यायचा, जास्त नको, कमी नको. भिमा म्हातारी तिला बघितलं की दार लोटायची. "आली गो आली, मृदंगाची सासू आली." देवकी लोटलेल्या दाराशी उभी राहायची. शेवटी भिमा मूठ घेऊन यायची, तीही अर्धी मिटलेली. पाच महिन्यांत तांदूळ जमला, विकला, आणि मृदंग कल्याणला कारागिराकडे गेला. म्हणजे तो मृदंग देवाचा खरा, पण त्याच्यात अख्ख्या पाड्याची मूठ होती, आणि त्याचा जाब द्यायची पाळी आली तर ती देवकीवर होती.

वाजवणारा तिचा नवरा कोंडू. हात सोन्याचा. हाताच्या वर मात्र डोकं होतं, तिथे सगळा घोटाळा.

चैत्र त्रयोदशीला मृदंग आणायचा आणि पौर्णिमेच्या पहाटे जन्माच्या कीर्तनाला वाजवायचा, असं ठरलं. मध्ये एक दिवस मोकळा. आदल्या रात्री कोंडू भाकरी मोडता मोडता म्हणाला, "उद्या तू पण चल. तुला समुद्र दाखवतो."

देवकीचा हात परातीतच थांबला. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने एकदा समुद्राचं नाव काढलं होतं. त्याला सोळा वर्षं झाली.

"आन् राहायचं कुठं?"

"समुद्रावर."

"म्हंजे?"

"म्हंजे समुद्रावर. खळ्यावर भाताची राखण करत मी महिना महिना निजलोय. मला कोण शिकवतो उघड्यावर कसं निजायचं ते? भाकऱ्या घरच्या, घोंगडी घरची. जायच्या यायच्या भाड्याशिवाय एक पैसा सुटला तर कोंडू नाव सांगणार नाय."

"आन् मृदंग?"

"तो काय रडतोय का? येईल आपल्याबरोबर."

देवकीने तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. ती अजूनही तसं म्हणते. पण सोळा वर्षं वाट बघितलेल्या बाईला नाही म्हणणं जमत नाही.

आटगावला गाडी धरून दोघं कल्याणला उतरली. कारागिराने नवी पुडी वाजवून दाखवली, तेव्हा देवकीच्या अंगावर काटा आला. शाईची बाजू त्याने जाड प्लास्टिकने घट्ट बांधून दिली. देवकीने मृदंगासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून आणली होती. तिच्यात मृदंग असा गुंडाळला, की गाडीतल्या एका बाईने सरकून जागा दिली आणि विचारलं, "कितव्या महिन्यातलं?"

"कार्तिकातलं," देवकी म्हणाली. ती तांदळाच्या हिशोबात होती.

गाड्या बदलत, धूळ खात, चारच्या सुमारास दोघं अर्नाळ्याला पोचली. समुद्र दिसला आणि देवकीने रस्त्यातच चपला काढून हात जोडले. एवढं पाणी आणि त्याला बांध नाही! तिला वाटलं होतं, भातसा धरणासारखं काहीतरी असेल. कोंडू मात्र असा उभा होता, जणू समुद्र त्यानेच खणलाय.

तेवढ्यात एकजण आला. "दादा, खोली बघायची का? घरगुती आहे."

"नको."

"स्वस्तात देतो."

"फुकट असली तरी नको," कोंडू म्हणाला, आणि देवकीला कोपराने ढोसलं. "बघितलंस? उतरलो नाय तर लागले मागं."

समुद्र तेव्हा लांब, पार आत गेलेला होता. वर सुरूची झाडं, त्यांच्या खाली भुसभुशीत वाळू, काट्या, नारळाच्या करवंट्या. आणि खाली पाण्याच्या बाजूला काय सुंदर जमीन! सपाट, टणक, ओलसर, एक खडा नाही. कोंडूने टाच आपटून बघितली आणि त्याचा चेहरा फुलला.

"देवके, हे खळं आहे बघ. असं चोपलेलं खळं आपल्या पाड्यात कोणाला जमलं नाय. वर ती घाण, आन् हितं बघ कसं सारवून ठेवलंय."

"कोणी सारवलं असेल पण?"

"गावानं. भाविक लोक दिसतात."

आता तुम्ही हसाल. पण आमच्याकडची माणसं पाण्याला नदीवरून ओळखतात. पाणी वाढतं ते पावसाने. चैत्रात आभाळ कोरडं, मग पाणी वाढेल कशाने? दिवसातून दोनदा, पाऊस नसताना, ठरल्या वेळी चढणारं पाणी आमच्याकडे कोणी बघितलेलंच नाही.

घोंगडी अंथरताना जवळच जाळं खांद्यावर घेतलेला एक कोळी थांबला. लडकू त्याचं नाव, ते नंतर कळलं. म्हणाला, "दादा, हितं नका निजू. नऊच्या आत उठावं लागंल. वर सुरूत जा."

"सुरूत जागा कोणाची?"

"कोणाची म्हंजे? मोकळी हाय."

"आज मोकळी. सकाळी पावती घेऊन कोण येतो ते ठाऊक आहे आमाला."

लडकूने देवकीकडे बघितलं. "बाय, तू तरी सांग ह्याला."

"सोळा वर्सं सांगतेय," देवकी म्हणाली.

लडकू मान हलवत गेला. कोंडू म्हणाला, "तो खोलीवाला, हा जागावाला. एकाच टोळीतले. मी वळखतो."

मग निजायची दिशा ठरवायची वेळ आली. देवकी म्हणाली, समुद्र म्हणजे देव, त्याच्याकडे पाय करून कसं निजायचं? कोंडूलाही ते पटलं. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. मग डोकी समुद्राकडे, पाय गावाकडे. आणि मृदंग तर देवाचा, तो पायाशी कसा ठेवायचा? तो डोक्याच्याही वर, सगळ्यात मानाच्या जागी, म्हणजे पाण्याच्या सगळ्यात जवळ. त्याच्या शेजारी भाकऱ्यांचं गाठोडं, शेजारी चपला, चपलेत परतीच्या भाड्याची पुरचुंडी. दोन अभंग झाले, चांदणं वर आलं, आणि दोघं निजली.

देवकीला स्वप्न पडलं. सासू तिचं न्हाणं करतेय आणि पाणी फार गार काढलंय. ती म्हणाली, आत्याबाय, पुरे. सासूने आणखी एक तांब्या ओतला. तो नाकात गेला आणि ती उठून बसली, तर घोंगडी पोहत होती.

"अवो! उठा! खळ्यावर पाणी आलं!"

"बांध फोडला कोणीतरी," कोंडू झोपेतच म्हणाला. "शेजारच्या शेतातला तो वाळूच असेल. त्याला मी सोडत नाय." आणि दुसऱ्या लाटेने त्याला उभा केला.

देवकीने उशाशी हात घातला. भाकऱ्या नाहीत. चपला नाहीत. मृदंगही नाही. चांदण्यात समोर बघितलं, तर दहा हातांवर गोधडीतला मृदंग मजेत डुलत चालला होता. लाट त्याला पुढे ढकलायची, मागे ओढायची, आणि दर खेपेला थोडा जास्तच ओढायची.

कोंडू नदीत पोहणारा. त्याने लंगोट आवळला, लाटेत उडी घेतली, आणि लाटेने त्याला परत आणून देवकीच्या पायाशी ठेवला. तो पुन्हा गेला. लाटेने पुन्हा आणून दिला.

"मृदंग तिकडं चाललाय," देवकी ओरडली, "आन् तुमी हिकडं काय येताय?"

"मी येत नाय गो, समुद्रच आणतोय!"

मग देवकीने छाती पिटून हाका मारल्या. "धावा रे! गेला! कोणीतरी धरा त्याला!" आता सांगा, चांदण्यात एक बाई गळा काढून रडतेय, आणि पाण्यावर ठिगळांच्या गोधडीतलं गाठोडं तरंगत चाललंय. बघणाऱ्याने काय समजायचं? सगळा कोळीवाडा उठला. कंदील आले, बॅटऱ्या आल्या, बाया पदर खोचून धावल्या. एका म्हातारीने देवकीला मिठीत घट्ट धरलं. "रडू नको बाय, मिळेल तुझं पोर. देव हाय."

"पोर नाय," देवकी म्हणू पाहत होती, पण म्हातारी तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून तिला थोपटत होती.

लडकूने आणखी दोघा कोळ्यांना घेऊन होडी लोटली. किनाऱ्यावर कोणी श्वास घेईना. होडी गाठोड्याजवळ गेली. लडकूने वाकून ते दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं, वरची गोधडी हळूच बाजूला केली. आणि बॅटरी आत धरली.

"जितं हाय का रे?" किनाऱ्यावरून म्हातारीने विचारलं.

होडीतून आवाज आला, "वाजवून बघायला लागंल."

देवकी म्हणते, तेव्हा वाळूत भोक असतं तर ती खेकड्यासारखी आत गेली असती. शंभर माणसं कंदील घेऊन तिच्याकडे बघत होती. ही माणसं आता जाळ्यात बांधून आपल्याला परत पाण्यात टाकतील, असं तिला वाटलं. ती हात जोडून खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. टोपली, मुठी, भिमाचं दार, परवाचं कीर्तन.  मग ती म्हातारी, राही तिचं नाव, म्हणाली, "अख्ख्या गावाची मूठ हाय म्हंजे. पोरच झालं की गो." आणि कोंडूकडे वळून, "तुझ्या मात्र पाठीत एक घालायला पायजे होती."

शाईची बाजू प्लास्टिकने वाचली होती. डावीकडचं कातडं मात्र भिजून भाकरीच्या ओल्या पिठासारखं झालेलं, आणि वाद्या सैल. कोंडू पहिल्यांदा रडवेला झाला. "उन्हात ठेवला तर तडकेल. सावली पायजे आन् वारा पायजे. नायतर परवा काय वाजवू?"

सावली आणि वारा, दोन्ही एकाच ठिकाणी होतं. लडकूच्या दारातल्या वलांडीवर. काठ्यांचा मांडव, वर झावळ्या, आणि रांगेने वाळत घातलेले बोंबील. त्यांच्यातले दोन दांडे मोकळे करून मधोमध मृदंग टांगला. दुपारपर्यंत तो तिथे होता. लडकूने जाळ्याची गाठ मारणाऱ्या हातांनी एकेक वादी ओढून अशी आवळली, की कोंडूलाही तसं जमलं नसतं. राहीने दोघांच्या गळ्यातल्या माळा बघून साधा भात आणि नारळाचा रस दिला. भाडं समुद्रात गेलेलं. तेही लडकूनेच दिलं, आणि "परत कधी देऊ?" म्हटल्यावर म्हणाला, "आधी भरती कधी येते ते शिक."

निघताना कोंडू हळूच म्हणाला, "माणसं बरी आहेत गो."  देवकीच्या नाकाला मात्र वेगळीच शंका येत होती.

घरी पोचल्यावर तिने मृदंगासमोर उदबत्तीचा अख्खा पुडा जाळला, कापूर लावला, बुक्का उधळला. काही उपयोग झाला नाही. आधी बोंबलाचा वास येत होता, आता उदबत्ती लावलेल्या बोंबलाचा येऊ लागला.

पौर्णिमेची पहाट. देऊळ माणसांनी भरलेलं. वैशाखऱ्याचे महाराज उभे राहिले, कोंडूने थाप मारली, आणि काय सांगू, धूम असा घुमला की मागच्या डोंगराने ओ दिली. त्याच थापेबरोबर वासही घुमला. माळकऱ्यांची पहिली रांग ताठ झाली. जयराम पाटलाचं नाक हललं. धाऊबाबाने डोळे मिटून लांब श्वास घेतला, आणि लगेच दचकून उघडले. सगळ्यांना वास आला होता. पण हा वास बोंबलाचा आहे असं म्हणणार कोण? म्हणेल त्याला तो ओळखू कसा आला, हे आधी सांगावं लागलं असतं. अख्खं देऊळ श्वास रोखून भक्तिभावाने समोर बघत राहिलं. देवकीने तोंडात पदर कोंबला.

मांजरांच्या गळ्यात मात्र माळ नव्हती.

पहिलं भिमाचं आलं. मग दोन, मग सहा. येऊन मृदंगापुढे ओळीने बसली आणि वर बघत राहिली. महाराज थांबले, त्यांनी मांजरांना हात जोडले. म्हणाले, "बघा, मुक्या जीवांनासुद्धा नामाची ओढ! कोणाच्या भक्तीने हे घडलं?" आणि कोंडू, तुम्हाला सांगतो, कोंडू पुढे झाला आणि महाराजांच्या हातून मानाचा नारळ घेऊन आला.

समोर ठेवलेला मृदंग तोच. त्याच्यावर आज तिसरी पुडी आहे, पण वाद्या अजून लडकूच्याच गाठीने आवळतात. तेव्हा मंडळी, आता कीर्तन सुरू होईल, पहिली थाप पडेल, तेव्हा एक क्षण त्या अर्नाळ्याच्या लडकूची आठवण करा. कोंडूची करायला नको. तो त्या नारळाची गोष्ट घेऊन स्वतःच तुमच्याकडे येईल.