अण्णांचा पिवळा शर्ट

व्यंकोबा अण्णा रोज सकाळी पिवळा शर्ट घालून गच्चीवर उभे राहतात. व्यायामासाठी नव्हे, मधमाश्यांना दिसावं म्हणून. पिवळा तरी कसा, तर रिक्षावाल्यानं ब्रेक मारावा असा.

जे. पी. नगरातले हे आमचे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे. त्यांचं मराठी कानडीचं बोट धरून चालतं. गच्चीवर त्यांचा लाल भोपळ्याचा वेल आहे. बी त्यांच्या बायकोनं, कमळाअक्कांनी, वर्षानुवर्षं राखलेलं. अक्का गेल्या तेव्हा डबीत एकच शेवटचं बी उरलं होतं, त्याचाच हा वेल. भोपळा धरला तरच पुढचं बी मिळणार. आणि एवढ्या उंचावर मधमाशी येते कशाला?

म्हणून अण्णा दारोदार हिंडले. "वहिनी, तुमची पिवळी साडी वेलाजवळ वाळत घाला की, स्वल्प, जरा वेळ!" आमच्या हिनं घातली. चार दिवसांत गच्चीवर कुणाच्या घरची हळद असावी तसं दिसायला लागलं.

मी म्हटलं, "अण्णा, ब्रशनं नर फुलातला पराग मादी फुलाला लावा. काम फत्ते!"

"छे! कमळानं कधी लावला नाही. फूल एवढं नटून बसलंय ते कुणासाठी? बोलावणं पाकळीनं करायचं, आपण वाट बघायची. सरी? बरोबर ना?"

मग त्यांनी मला फुलात डोकवायला लावलं. पाकळीवरच्या बारीक रेघा थेट गाभ्याकडे जात होत्या. "वाट आखलीय बघा. आपल्याला अर्धीच दिसते, माशीला पूर्ण." मी जन्मभर भोपळ्याचे घारगे खात आलो, पण त्यामागे एवढी तयारी असते हे मला ठाऊकच नव्हतं. मी थक्क होऊन बघत राहिलो.

दोन मादी फुलं माशीविना गेली. त्यांच्याखालची इवलीशी फळं सुकून गळाली. तिसरं, शेवटचं, गेल्या रविवारी उमललं. हे फूल एकच सकाळ उघडं असतं. नऊ वाजले तशा पाकळ्यांच्या कडा आत वळू लागल्या. मी ब्रश पुढे केला. अण्णांनी तो घेतला खरा, पण फुलापाशी नेऊन पुन्हा मागे घेतला.

तेवढ्यात शेजारच्या नर फुलातून एक मधमाशी बाहेर आली. अंगभर पराग माखलेला. ती सरळ अण्णांच्या खिशावर येऊन बसली. अण्णांनी श्वास रोखला, मीही रोखला. मग ती उडाली, त्या शेवटच्या फुलावर उतरली आणि रेघेरेघेनं आत गेली.

"कमळा, आली गं," अण्णा पुटपुटले.

"शर्टानं काम केलं, अण्णा!"

"तिनंच आणलेला. या वयात असला पिवळा कोण घालतं म्हणून मी कपाटात टाकला. ती असेपर्यंत घडी मोडली नाही बघा."

माशी निघून गेली. पाकळ्या हळूहळू मिटल्या. अण्णा खिशावरचा पराग झटकायला गेले, आणि हात तसाच खिशावर ठेवून उभे राहिले.