आई कोरडी आहे

हिराजी ठाकूरच्या हातात कागद दिला की तो वाचण्याआधी चाटतो.

मला हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं. रोह्याच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटीची प्रमुख म्हणून रुजू झाले, त्या दिवशी ओळख म्हणून माझं नेमणुकीचं पत्र त्याच्यापुढे धरलं. लॅबमधला हा सगळ्यांत जुना माणूस. त्याने कोपऱ्याला जीभ लावली, ओल कशी पसरते ते चष्मा वर करून निरखलं आणि पत्र परत देत म्हणाला, "पिणारा हाय."

त्याच्या लेखी जगात दोनच जातीचे कागद, पिणारे आणि न पिणारे. पिणाऱ्याला न पिणारा करणं हा आमचा धंदा. लाकडाच्या लगद्याचा तंतू मुळात तहानलेला असतो. मेणाच्या जातीचं एक द्रव्य पाण्यात घोटून त्यावर फवारायचं आणि गरम हवेत सुकवायचं. ते तंतूच्या अंगाला धरलं की पाणी वरच्या वर थेंब होऊन थांबतं. किती फवारायचं, किती तापवायचं, हे आम्ही मशीनवर बघतो. हिराजी नुसता ताव चिमटीत धरून सांगायचा आणि मशीन मागाहून तेच सांगायचं.

मॅनेजरसाहेबांनी एकदा 'कार्यालयीन कागद चाटू नयेत' असं लेखी बजावलं. त्याने तो कागदही चाटला. मुंबईहून आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर आमच्या मालाचा पातळ ताव पसरून बोलता बोलता तांब्याभर पाणी ओतलं. पाहुणे ओरडतच उभे राहिले. पाणी फरशीवर गेलं, पँट कोरडी. ऑर्डर मिळाली, पण पाहुणे परत काही आले नाहीत.

असा माणूस चोरी करेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. एका शनिवारी शिफ्ट सुटताना वॉचमनने त्याची पिशवी उघडली, तर आत आमचेच ताव आणि कच्च्या लगद्याचा कापसासारखा गठ्ठा. तीस वर्षांची नोकरी, आणि सगळं गेट बघतंय. हिराजी एवढंच म्हणाला की घरी लागतं. मॅनेजरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तुम्ही पेणला घरी जाणारच आहात, वाटेत त्याच्या घरी उतरा, काय ते लेखी आणा. सोमवारी त्याला ठेवायचं की काढायचं ते ठरवू.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही कासूला उतरलो. हा माल तो कुणाला विकत असेल, याचाच मी वाटभर विचार करत होते.

घरात खिडकीशी खाट होती. खाटेवर त्याची आई, केस चापूनचोपून विंचरलेले. सगळा जन्म मिठागरात गेलेला. दोन वर्षांपूर्वी पडली, तेव्हापासून कमरेखाली जीव नाही. हिराजीने लग्न केलेलं नाही. दिवसा शेजारीण येते, बाकी सगळं तोच करतो.

मागच्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि शेजारी घडी घालून ठेवलेले लंगोट. होय, मोठ्या माणसाचे. आत कच्चा लगदा, बाहेरून आमचा ताव. हिराजीने खाली बघतच समजावलं. बाजारातल्या डायपरला मागून प्लास्टिक असतं, त्यात घाम धरून तिची कातडी सोलली होती. आपल्या तावातून वारा जातो, पाणी जात नाही.

मला रागच आला. कंपनीचं रसायन म्हातारीच्या अंगाला, तेही तपासल्याशिवाय?

"तपासलं मॅडम," तो म्हणाला. "आधी महिनाभर मी लावत होतो."

"कामावर?"

"व्हय. सगळी शिफ्ट. मीटिंगला पण."

त्या सगळ्या मीटिंगांना मी त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

मग तो अगदी हळू आवाजात बोलला. मुलाने आपलं हे करावं याची आईला लाज वाटायची. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून तिने पाणी पिणंच सोडलं होतं. शेवटी त्याने तिला सांगितलं की कंपनीला नव्या मालाची ट्रायल घ्यायचीय आणि साहेबांनी तुला निवडलंय. तेव्हा कुठे ती तयार झाली. आता रोज सकाळी रिपोर्ट देते.

तेवढ्यात बाहेरच्या खाटेवरून हाक आली. मी जाऊन खाटेशी बसले.

"तू कंपनीतली ना गो बाय?" म्हातारीने विचारलं. "माझं काम बराबर हाय ना?"

माझ्या पर्समध्ये चौकशीचा कोरा फॉर्म होता. तो काढून मांडीवर धरला आणि म्हटलं, काम उत्तम आहे, साहेब खूश आहेत, मी लेखी रिपोर्ट घ्यायला आलेय. तिने उशीवरून मान उचलली, पदर सारखा केला. कातडी बरी झाली का, टोचतं का, पाणी किती पिता, मी एकेक विचारत गेले आणि ती मोजूनमापून उत्तरं देत गेली. शेवटी विचारलं, काही तक्रार?

तिने दाराकडे बघितलं. हिराजी पाठ करून उभा होता.

"एकच हाय. यो रातचा धा-धा येला उठतो, मी ओली हाय का बघाया. त्याला कंपनीकडना लेखी कळव. आई कोरडी हाय. आता निज म्हणावं."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

सोमवारी माझ्याकडून सगळं ऐकून मॅनेजरसाहेबांनी कागद दोनदा वाचला. ट्रायल चालू ठेवावी, माल कंपनीने द्यावा, असं लिहून सही केली. 'तक्रारीवर केलेली कार्यवाही' या ओळीवर त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. ती ओळ अजून कोरी आहे.