अकरा नगांची भिंत

पितळ घासण्यात जिजीचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे जिजीला पुरेपूर ठाऊक होतं. तिनं घासलेला तांब्या खिडकीत उपडा घातला की समोरच्या बिऱ्हाडात कवडसा पडायचा आणि त्या कवडशात तिथली म्हातारी सुईत दोरा ओवायची, असं ती सांगत असे. ऐकणाऱ्यानं भुवया उंचावल्या, की ती म्हातारी आता नाही म्हणून, नाहीतर बोलावलंच असतं, असंही सांगत असे.

पण गेले तीन महिने या हाताला काम नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलानं तिला आपल्या नव्या घरी आणलं, आणि त्या घरात घासण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. भांडी यंत्रात जात. फरशी पुसायला कासवासारखं एक चपटं यंत्र यायचं, जिजीच्या खुर्चीपाशी थबकायचं आणि ओळख नसलेल्या पाहुण्यासारखं वळून निघून जायचं. अख्ख्या घरात पितळ म्हणाल तर दाराची कडी, आणि तीही खरवडून पाहिली तेव्हा प्लॅस्टिकची निघाली.

लोकांची घरं सजवून देणं हा सूनबाईचा व्यवसाय. नऊ वर्षं तिनं तो दुसऱ्याच्या कचेरीत केला आणि मग नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं. निघताना साहेब फार गोड हसले होते. म्हणाले होते, सहा महिन्यांनी याल परत, तुमची खुर्ची कुणाला देत नाही. त्यातले पाच महिने सरले होते, आणि आता कुठे पहिलं काम हाती आलं होतं. काम दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचं. त्यांच्या यजमानांच्या आजीची पूजेची उपकरणी होती, दोन समया, पाच निरांजनं, पंचारती, घंटा, ताम्हण आणि एक लामणदिवा, मिळून अकरा नग. ते दिवाणखान्याच्या करड्या भिंतीवर मांडायचे, वरून दिवे सोडायचे. यजमानांना ही भिंत पसंत पडली तर अख्ख्या घराचं काम सूनबाईचं. नाही पडली तर साहेबांची खुर्ची होतीच.

ते अकरा नग एका खोक्यातून घरी आले आणि जिजीनं खोक्यात डोकावून पाहिलं. समई इतकी काळी होती, की तिच्यात वात लावली असती तर उजेडही काळाच पडला असता. निरांजनांच्या तळाशी कीट, घंटेच्या आत कीट, ताम्हणाची कड तर कढईच्या बुडासारखी. इतक्या शिकल्यासवरल्या घरात देवाच्या वस्तूंची ही दशा.

तेवढ्यात सूनबाई पायात चपला सरकवत म्हणाली, "परवा सकाळी दहाला भिंतीवर लागायचेत आणि अजून यांचं काही म्हणजे काही झालेलं नाही."

ती बोलत होती खिळ्याहुकांबद्दल. सुताराकडे त्यासाठीच निघाली होती. जिजीला मात्र वाटलं, पोरीला वेळ नाही, आणि गुडघा दुखऱ्या सासूला घासायला सांगायची लाज वाटतेय. सांगायला कशाला हवं? आपल्याला काय डोळे नाहीत?

दार बंद झालं तशी जिजी उठली. चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, फ्रिजमधली चार लिंबं घेतली, न्हाणीघरात स्टुलावर बसून पाय लांब केला आणि पहिली समई पुढ्यात ओढली. हातांना सगळं आठवत होतं. आधी गळा, मग वळ्या, मग बूड. तिच्या सासूबाई घासलेल्या निरांजनाच्या कडेतून केसांच्या आकड्याचं टोक फिरवायच्या, आणि ते काळं निघालं तर काही न बोलता निरांजन परत मोरीवर ठेवून जायच्या. त्यांचं ते न बोलणं तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. जिजीनं त्या आकड्याला स्मरून अकराच्या अकरा नग घासले. वाळवले, मऊ फडक्यानं पुसले आणि गॅलरीत ओळीनं मांडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला त्या घरात आपण पाहुणे नाही असं वाटलं.

साडेचारला सूनबाई परतली. गॅलरीतल्या उन्हानं तिचे डोळे दिपले. हात आडवा धरून ती दोन पावलं पुढे गेली आणि होती तिथेच, पर्ससकट, जमिनीवर बसली.

"अगं ऊठ," जिजी संकोचून म्हणाली. "घरच्या माणसाचे आभार कसले मानायचे?"

"आई, यांच्यावरचं काळं कुठे गेलं?"

"मोरीत."

मग सूनबाईनं सांगितलं तेव्हा जिजीला सगळं कळलं. काळं म्हणजे घाण नव्हती, काळं हीच भिंतीची सगळी मौज होती. करड्या भिंतीवर काळं पितळ, आणि त्यावर उजेडाचा एक हलका हात. डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा बजावलं होतं, आजींच्या हातचा एकही डाग हलता कामा नये. जी बाई दिवसभर लोकांच्या दातांवरचे डाग खरवडते, तिनं घरी डाग जपावेत, हे जिजीच्या गळी काही केल्या उतरेना. पण सूनबाई रागावलीसुद्धा नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला उत्तर असतं. तिनं भिंतीसाठी काढलेल्या चित्राची सुरळी केली, तिला रबर लावलं, मोबाइल हातात घेतला, साहेबांचं नाव काढून त्याच्याकडे नुसती बघत राहिली आणि मोबाइल पालथा ठेवला.

"मी घासलं ना," जिजी म्हणाली, "मग काळंही मीच करीन."

दुसऱ्या दिवशी मुलानं रजा टाकली आणि सकाळपासून घराचा कारखाना झाला. मुलगा हिशेबात हुशार, पण हातानं करायच्या कामात त्याचं डोकं नेहमीच एक जिना खाली राहिलेलं. त्यानं कुठेतरी वाचून दोन निरांजनं चहाच्या कडक पाण्यात बुडवून ठेवली. तासाभरानं ती बाहेर निघाली ती आणखी टवटवीत, सुट्टीवरून आल्यासारखी. मग तो बुटाच्या पॉलिशची डबी घेऊन आला. जिजीनं ती डबी त्याच्या हातातून घेतली, कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. देवाच्या दिव्याला जोड्याचं पॉलिश लावायचं असेल तर आधी माझ्या तोंडाला लाव, असं ती म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला.

उपाय अखेर तिलाच सुचला. लहानपणी तिनं आईला काजळ धरताना पाहिलं होतं. तिनं गॅलरीत सात वाट्यांत तेल घातलं, जाड वाती लावल्या आणि सांडशीत एकेक नग धरून धुरावर फिरवायला सुरुवात केली. धूर वरच्या मजल्यावर गेला. वरच्या काकू खाली आल्या, तिघं घामेजलेली माणसं भरदुपारी सात ज्योतींभोवती घंटा भाजताना त्यांनी पाहिली आणि हळू आवाजात विचारलं, हे काय आहे. मुलगा म्हणाला, व्रत आहे. काकूंनी ते किती आठवड्यांचं असतं, मध्येच सोडलं तर चालतं का, आणि नोकरीसाठीही लागू पडतं का, हे सगळं विचारून घेतलं. शेवटच्या प्रश्नाला सूनबाई म्हणाली, परवा सांगते.

काजळी धरली, पण ती नुसती पावडर लावल्यासारखी बसली. बोट लागलं की निघायची. मग जिजीनं ती तेलात खलून चिंधीनं भरली आणि वरून पुन्हा शेकली, तशी ती धरून राहू लागली. सूनबाई समईला खालपासून वरपर्यंत सारखं काळं फासत होती, भिंतीला रंग देतात तसं. जिजीनं तिचा हात धरला.

"इथे कशी काळी होईल ती? इथे तर रोज हात लागतो. काळं हवं चोचीखाली. आणि या वळ्यांच्या खाचेत, जिथे बोट पोचत नाही."

"तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"चाळीस वर्षं मी तेच तर काढत आले."

सूनबाईनं तिच्याकडे बघितलं आणि चिंधी तिच्या हाती दिली. त्यानंतर ती नुसतं जिजी सांगेल तसं करत राहिली. कुठल्या निरांजनाचा दांडा जास्त काळा असतो, घंटेचा लोळा मुळीच का काळा होत नाही, ताम्हणात पाण्याची रेघ कुठवर उमटते. जिजी सांगत होती आणि सूनबाई विचारत होती. तीन महिन्यांत दोघींचं मिळून इतकं बोलणं झालं नव्हतं. दिवेलागणीला अकरा नग पुन्हा काळे झाले. मुलगा लांब उभा राहून म्हणाला, ओळखू येत नाही. पण तो लग्नात बायकोलाही ओळखायला चुकला होता, तेव्हा त्याच्या शब्दाला फारसं वजन नव्हतं.

सकाळी जिजीही तयार होऊन बसली. सूनबाई नको म्हणाली, गुडघ्याचं कारण काढलं. जिजी म्हणाली, गुडघा माझा आहे आणि डागही माझेच आहेत.

डॉक्टरीणबाईंचं घर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. सुतारानं नग लावले, सूनबाईनं वरचे दिवे चालू केले, आणि खरं सांगायचं तर जिजीला त्या करड्या भिंतीकडे बघून कसंसंच झालं. इतकं काळं इतकं सुंदर दिसतं हे तिला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. सूनबाईचं नाक लाल झालं होतं. ती घाबरली की तिचं नाक लाल होतं, हे जिजीला कालच कळलं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या त्या रोग्याच्या तोंडात घालायची बारीक बॅटरी खिशात घेऊनच. भिंतीकडे त्यांनी लांबून बघितलंच नाही. सरळ पहिल्या समईला नाक लावलं, बॅटरी पेटवली आणि चोचीखाली उजेड मारला. मग करंगळीच्या नखानं हलकेच खरवडलं. नखाकडे बघितलं.

"हे कालचं आहे," त्या म्हणाल्या.

सूनबाईनं बोलायला तोंड उघडलं, पण जिजी आधी उभी राहिली. तिनं काही लपवलं नाही. चिंच सांगितली, लिंबं सांगितली, धूर सांगितला. घासलं तेव्हा सूनबाईला काही ठाऊक नव्हतं, ती सुताराकडे गेली होती, तिची भिंत बघा, माझा डाग बघू नका, असं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. जिजीला वाटलं, आता आपली काही धडगत नाही.

"घासल्यावर आतून कसे निघाले?" त्यांनी विचारलं.

"अगदी कोरे," जिजी म्हणाली. "आठ दिवसांपूर्वी घडवल्यासारखे."

"तसेच आहेत ते," म्हणून डॉक्टरीणबाई धपकन सोफ्यावर बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. आजींची खरी उपकरणी जुन्या घराच्या माळ्यावर होती. घर बदलताना त्यांनी खोकी न उघडताच सगळा माळा मोडीत देऊन टाकला. पंधरा दिवसांनी यजमान म्हणाले, आजीचे दिवे भिंतीवर लावू या. बाईंच्या तोंडून निघून गेलं, दुरुस्तीला दिलेत. पुढे चार महिने दुकानं पालथी घातली, आणि एका दुकानदारानं नवे कोरे अकरा नग कसलंसं औषध लावून काळे करून दिले. एकही डाग हलू नये म्हणून जीव टाकत होत्या तो आजींसाठी नव्हे. डाग हलला असता तर खालचं कोरं पितळ दिसलं असतं.

सुतारानं मुकाट्यानं आपली हत्यारं आवरली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

आणि नेमके तेव्हाच यजमान आले. भिंत बघायला ऑफिसातून मुद्दाम मध्येच आले होते. मोठा, भारदस्त माणूस, हातात फायलींची पिशवी. भिंत दिसताच त्यांनी पिशवी खाली ठेवली. एकेका नगापुढे उभे राहत, हात मागे बांधून, ते हळूहळू पुढे सरकू लागले. सूनबाईचं नाक विस्तवासारखं झालं. डॉक्टरीणबाई गालिच्याची नक्षी मोजत होत्या. शेवटी यजमान लामणदिव्यापाशी थांबले ते हलेचनात.

"हा डाग," ते म्हणाले. "इथे, साखळीच्या कडीपाशी. आजी तेल घालताना याच बाजूला अंगठा टेकवायची. बघा, अंगठ्याचा ठसा तसाच राहिलाय."

तो ठसा काल दुपारी साडेतीन वाजता सांडशी निसटली तेव्हा जिजीचा उमटला होता. नीट पुसायचं तिच्या मनात होतं, पण नेमका तेव्हाच चहा झाला.

यजमानांनी डोळे पुसले. सूनबाईला म्हणाले, घर आता तुमचंच समजा, स्वयंपाकघरापासून सुरू करा. सूनबाई काहीतरी बोलली ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग ते जिजीकडे वळले, कारण घरात आलेल्या वडीलधाऱ्या बाईशी दोन शब्द बोलायला हवेत असं वाटणाऱ्यांपैकी ते होते.

"आजी, एक विनंती आहे," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "आता तुमचं इथे येणंजाणं होईल. या दिव्यांना तेवढा हात लावू नका. तुमच्या वयाच्या बायकांना काळं पितळ दिसलं की राहवत नाही."

"छे हो," जिजी म्हणाली, "मी कशाला हात लावतेय?" आणि काजळीनं भरलेली दहाही नखं तिनं पदराखाली घेतली.