संशयाचा फायदा

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. तेव्हा वयानं मोठ्या माणसाबद्दल मी लिहावं, आणि तेही फारसं चांगलं नव्हे, हे धाडसच आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण मुरुममधले आमचे शेजारी गुरुलिंगप्पा, म्हणजे आप्पा, मांजरालासुद्धा चोर म्हणू देत नाहीत, हे कुठंतरी सांगितलंच पाहिजे.

मांजर आमचं दूध पिऊन चुलीमागून निघालं. आई म्हणाली, "चोरटं मेलं."

भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज आला, "संशयित म्हणा, वैनी. पिताना कुणी बघितलं का?"

"मिशीला साय हाय की त्याच्या."

"तो परिस्थितीजन्य पुरावा झाला. साक्षीदार कोण?"

असा माणूस शेजारी असणं ही शिक्षाच, तीही खटला न चालवता. बारसं असो की मयत, आप्पांचा धडा एकच. ज्याच्यावर आळ आहे तो आरोपी, कोर्टात सिद्ध झालं की मग गुन्हेगार. धडा बरोबर असेल, पण वरण गार होईस्तोवर ऐकायचा कुणी? हॉटेलात कुणी पेपरातून "दरोडेखोर पकडले" असं वाचलं की ते कानडीत शिरत, "इल्ल, इल्ल," म्हणजे नाही, नाही. लोक चहा अर्धा टाकून उठत. मला वाटे, या माणसाला कायद्याची चार पानं पचली नाहीत, ढेकर तेवढे येतात.

दुष्काळात ते सोसायटीच्या गोदामावर राखणदार होते. दुष्काळी कामावरच्या मजुरांना खायला वाटायच्या सुकडीची पोती चोरीला गेली. किल्ली आप्पांकडं, म्हणून त्यांनाच धरलं. पुढं कोर्टानं सोडलं, पण संशयाचा फायदा देऊन. गावाला तेवढं पुरलं. सोसायटीच्या सभेत कुणीतरी विचारणारच, "आमाला लाभांश न्हाय, अन् आप्पा, तुमालाच तेवढा फायदा व्हय?"

आप्पांची बायको, आमच्या काकू, अटकेच्या दिवशीच अणदूरला माहेरी गेल्या. आप्पा त्यांना आणायला गेले नाहीत. "कोर्टानं निर्दोष म्हटलं असतं तर गेलो असतो. संशय घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ?"

एकदा मला ओट्यावर बसवून म्हणाले, "तू कॉलेजात जायलास. सरांना विचार, हा फायदा परत करता येतो का?"

मी विचारलं. वर्ग हसला. सर म्हणाले, सुटका ती सुटकाच, कायद्याला त्यात फरक नाही. मी तसं येऊन सांगितलं.

"कायद्याला न्हाय," आप्पा म्हणाले. "अणदूरला हाय."

यंदा मी सुट्टीला घरी होतो. सोसायटीच्या सेक्रेटरीचा भाचा साखरेची पोती पळवताना सापडला आणि त्यानं जुनी सुकडीही कबूल केली. वडील ती बातमी घेऊन आप्पांकडं धावले, मागून मी.

"आप्पा, सुकडीचा चोर सापडला."

"आरोपी," आप्पा सवयीनं म्हणाले. मग काय ऐकलं ते ध्यानात येऊन उठले. खुंटीवरची पिशवी काढली, धुतलेल्या धोतराची घडी करून आत ठेवली.

"दुपारच्या येस्टीनं जावा अणदूरला," वडील म्हणाले.

दारात आप्पा थबकले. "कबूल कुठं केलं त्यानं? कोर्टात का ठाण्यात?"

"ठाण्यात."

"पोलिसापुढचं कबूल करणं पुरावा न्हाय."

वडील चिडले. "आता तरी सोताच्या बाजूनं बोला की."

"त्यालाबी बायको हाय," आप्पा म्हणाले.

आणि पिशवी त्यांनी परत खुंटीला अडकवली. धोतर मात्र आत तसंच राहू दिलं.