हेडच्या वर

मालकांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. नवे मॅनेजर आत सांगत होते, "आपला स्टोअरकीपर म्हणजे निव्वळ ओव्हरहेड आहे, साहेब." मालक म्हणाले, "मलाही तसंच वाटतं. पहिल्या तारखेला बोलावून सांगून टाका."

बाहेर उभ्या स्टोअरकीपरचं इंग्रजी बेताचंच, पण एवढं त्याला लावता आलं. हेड म्हणजे हेडक्लार्क, ज्याच्या हाताखाली त्याची हयात गेली होती. ओव्हर म्हणजे वर.

घरी आल्या आल्या त्याने बायकोला आतल्या खोलीत नेऊन ही बातमी दिली.

"हेडच्या वर? म्हणजे आता तो तुम्हाला बघून उठून उभा राहणार?"

"राहावंच लागेल."

बायकोने फक्त शेजारणीला सांगितलं, त्यामुळे सगळ्या इमारतीला कळलं. मेहुण्याने तर आपल्या मुलाला चिकटवून घ्या म्हणून गळ घातली. स्टोअरकीपरनेही "बघू या" म्हटलं, अगदी साहेबी थाटात.

ऑफिसात त्याने हेडक्लार्कच्या हाकेला ओ देणं सोडलं. एकदा तर बसल्या जागेवरून फर्मावलं, "जरा पंखा कमी करा." हेडक्लार्कने मुकाट्याने पंखा कमी केला आणि मान खाली घातली. टरकला, असं स्टोअरकीपरला वाटलं.

पहिल्या तारखेला बोलावणं आलं.

"माझं टेबल कुठे लावायचं, साहेब?"

मॅनेजर चपापले. मग त्यांनी फार सभ्यपणे अर्थ समजावून दिला. ज्याच्यामुळे माल बनतही नाही नि खपतही नाही, पण जो पोसावा मात्र लागतो, असा वरखर्च. उद्यापासून त्याने यायची तसदी घेऊ नये.

"मग स्टोअर कोण बघणार?"

"हेडक्लार्क. त्यांनीच तसं सुचवलं."

घरी दार मुलीने उघडलं. ती कॉमर्सला होती. त्याने तिथेच, हलक्या आवाजात, तिला सगळं सांगितलं.

"तुम्ही आईला 'ओव्हरहेड' म्हणालात, तेव्हा पहिल्याच दिवशी मला कळलं होतं, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आईशी नीट बोलायला लागला होतात. म्हटलं, तेवढे दिवस तरी तिला मिळू देत."

आत बायको कुणालातरी फोनवर हसत हसत सांगत होती, "हो, आजच नवं टेबल मिळालं असेल." तो चपला न काढता बराच वेळ दारातच उभा राहिला.